बंद पडलेल्या बोटीचं गाणं

आज साठीत असलेल्या जपानी माणसांच्या कराओकेतलं एक लाडकं गाणं १९७७ सालचं आहे: ‘त्सुगारू काइक्यो फुयुगेशिकी’, म्हणजे त्सुगारू सामुद्रधुनीतलं हिवाळी दृश्य. तेव्हा अठरा वर्षांच्या असलेल्या गायिका सायुरी इशिकावा यांनीही आता साठी ओलांडली आहे.

गाणं विरहाचं. तोक्योच्या उएनो स्टेशनातून रात्रीच्या गाडीनं निघालेली बाई आओमोरीला उतरते आणि होक्काइदोच्या बोटीत चढते. युद्धानंतर ईशान्येकडची असंख्य पोरं पोटापाण्यासाठी याच उएनोत उतरली होती. त्यांना हे गाणं गावाकडच्या वाटेचंही वाटलं, तर नवल नाही.

ही वाट धोक्याची होती. १९५४ च्या वादळात ‘तोया मारू’ बुडाली, अकराशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर समुद्राखालच्या बोगद्याच्या मागणीनं जोर धरला. ५३.८५ किलोमीटरचा सेइकान बोगदा १३ मार्च १९८८ रोजी सुरू झाला आणि रेल्वेच्या बोटींची नियमित सेवा त्याच दिवशी संपली.

त्या बोटींपैकी ‘हाक्कोदा मारू’ आओमोरीत संग्रहालय म्हणून उभी आहे. बोट तिथं पाहता येते. तिच्यातल्या प्रवाशाच्या मनाची नोंद मात्र या गाण्यात आहे, आणि १९७१ साली कोबेत दाइसुके इनोउए यांनी बनवलेल्या, पेटंटही न घेतलेल्या यंत्रामुळे ती सामान्य माणसांच्या तोंडी राहिली.