जडत्वीय मार्गनिर्देशन, जलमग्न यानांतील

यानात बसविलेल्या त्वरणमापकांनी व जायरोस्कोपांनी नोंदलेल्या गतीवरून, बाह्य संकेताची मदत न घेता, यानाचे स्थान काढण्याची पद्धती. उपग्रहांचे रेडिओतरंग खाऱ्या पाण्यात शिरताच विरून जात असल्यामुळे पाण्याखाली दीर्घकाळ संचार करणाऱ्या यानास हाच मुख्य आधार उरतो. परंतु त्वरणावरून वेग आणि वेगावरून अंतर असा दुहेरी हिशेब करावा लागत असल्याने उपकरणातील सूक्ष्म दोषही साचत जातो. ताशी 0.01 अंश इतकेच विचलन असलेला जायरोस्कोप तासाभरात सुमारे 1 किलोमीटरची तफावत पाडू शकतो, आणि तीवर 84.4 मिनिटांच्या आवर्तकालाची शुलर आंदोलने चढतात.

या तफावतीवरील पहिला उपाय म्हणजे डॉप्लर वेगमापक. समुद्रतळावर ध्वनिशलाका सोडून, परत येणाऱ्या ध्वनीच्या बदललेल्या कंप्रतेवरून तो यानाचा वेग प्रत्यक्ष मोजतो, व काल्मन फिल्टर त्या मापाशी जडत्वीय हिशेब पडताळून दोषांची दुरुस्ती करतो. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने घडविलेले ‘माया’ हे सुमारे 1.7 मीटर लांबीचे स्वयंचलित यान अशा वेगमापकाचा उपयोग करते आणि पृष्ठभागावर आले असता उपग्रहांवरून आपले स्थान घेते.

वेग अचूक मिळाला तरी दिशा चुकल्यास सारे व्यर्थ होय. 1 अंशाची दिशाचूक दर किलोमीटरमागे यानास सुमारे 17 मीटर बाजूस नेते. चुंबकीय होकायंत्रावर येथे फारसे विसंबता येत नाही, कारण जवळच्या विद्युत्प्रवाहाने चुंबकीय मापन बिघडते. याच कारणाने, मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालू लागणार म्हणून, कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागेस हलवावी लागली. यानातील मोटार व विजेरी तर होकायंत्राच्या वीतभर अंतरावरच असतात. उत्तर दिशा पृथ्वीच्या परिवलनावरून शोधणारा जायरोस्कोप त्यामुळे श्रेष्ठ ठरतो, आणि आपल्या अक्षांशांची त्यास अनुकूलता आहे: पनवेल तालुक्यातील नेरे गावाच्या, म्हणजे सुमारे 19 अंशांच्या, अक्षांशावर परिवलनाचा क्षितिजसमांतर घटक ताशी 14.2 अंश असतो, तर 60 अंशांवर तो 7.5 अंशच उरतो. म्हणजे त्याच उपकरणाची दिशाचूक तेथे जवळजवळ दुप्पट होते.

खोल समुद्रात वेगमापकाच्या शलाका तळापर्यंत पोहोचत नाहीत. तेथे तळावर ठेवलेले ध्वनिप्रेषक, तळाच्या उंचसखलपणाचे नकाशे, अथवा ठरावीक मुदतीने पृष्ठभागावर येऊन घेतलेले स्थान, एवढेच उपाय राहतात. यास्तव अशा यानाच्या अचूकतेचा कोणताही आकडा, दोन दुरुस्त्यांमधील अवधी सांगितल्यावाचून ग्राह्य धरू नये.