मिलरचा ईथर-वारा व त्याचीं मूळ टिपणें

मायकेलसन व मोर्ले यांच्या १८८७ च्या प्रयोगानें ईथरचा निकाल एकदम लागला, असा समज रूढ आहे. तो इतिहासास धरून नाहीं. त्या निकालाविरुद्ध साक्ष देणारा डेटन मिलर हा दक्ष प्रयोगकार पुढें अनेक वर्षें उभा होता. त्या साक्षीचा निवाडा कसा झाला, हें पाहणें बोधप्रद आहे.

प्रकाशलहरींचें वाहन म्हणून ईथर सर्वत्र भरलेला आहे, असें एकोणिसाव्या शतकांत मानीत. फ्रेनेलच्या मतें तो जवळजवळ स्थिर होता; स्टोक्सच्या मतें पृथ्वी आपल्या पृष्ठालगतचा ईथर बरोबर ओढून नेते. पहिलें मत खरें असल्यास सेकंदास ३० किलोमीटर वेगानें फिरणाऱ्या पृथ्वीवर ईथरचा वारा वाहावयास हवा. मायकेलसनच्या व्यतिकरणमापकांत एका किरणाचे दोन भाग काटकोनांत जाऊन परत एकत्र येतात. यंत्र फिरवितांच प्रकाशाचे पट्टे सरकावे, ही अपेक्षा. क्लीव्हलंड येथें पाऱ्यावर तरंगणाऱ्या शिळेवर हें यंत्र बसविलें होतें. अपेक्षित सरक ०.४ पट्ट्याची होती. प्रत्यक्षांत ती तिच्या विसाव्या हिश्शाहूनहि कमी भरली.

तथापि यानें स्टोक्सचें मत खोडलें जात नव्हतें. पर्वतशिखरावर वारा कदाचित् जाणवेल, ही शंका खुद्द त्या दोघांनींच नमूद केली होती. तीच धरून मिलरनें १९२१ ते १९२६ या काळांत माउंट विल्सनवर मापनें घेतलीं आणि सेकंदास सुमारें १० किलोमीटरचा वारा आढळल्याचें जाहीर केलें. उलट केनेडीस १९२६ त हीलियमनें भरलेल्या बंद पेटींत, व जोसला १९३० त येना येथें, असा वारा मुळींच आढळला नाहीं.

बहुतेकांनीं मिलरचा निष्कर्ष सोडून दिला. पण त्याची चूक कोठें, हें कोणी दाखविलें नव्हतें. मिलर १९४१ त वारला. त्याचीं टिपणें त्याचा शिष्य शँकलंड याच्या हातीं आलीं. शँकलंड व त्याच्या तीन सहकाऱ्यांनीं तीं तपासून १९५५ त निर्णय दिला कीं, आंकड्यांतील कांहीं चढउतार आकस्मिक असून नियमित भाग यंत्राभोंवतींच्या सूक्ष्म तपमानभेदांचा परिणाम आहे. हा निर्णयहि कांहींना मान्य झाला नाहीं. पण वाद आतां आंकड्यांवर आला.

साक्ष इतर साक्षींच्या बळावर फेटाळणें निराळें, आणि ती कां चुकली हें दाखविणें निराळें. दुसरें काम मूळ कागदांवांचून होत नाहीं. ते कागद मिलरनें स्वतःच जपून ठेविले होते, हें त्याच्या प्रामाणिकपणाचें गमक होय.