वाऱ्याचा आडोसा: केप क्रोझिअर, जुलै १९११

आजचा विषय तंबूचा आहे. बर्फावर उभा केलेला तंबू वाऱ्यात टिकतो कसा आणि जातो कसा, एवढंच आपण पाहणार आहोत.

अमेरिकेच्या उत्तरेकडे, कॅनडात, फिनलंडमध्ये हिवाळ्यात तळी गोठतात. लोक बर्फाला भोक पाडतात आणि त्यावर घडीचा तंबू उभारून गळ टाकून बसतात. त्यांची पहिली काळजी मासा नसते, वारा असतो. गोठलेल्या तळ्यावर झाड नाही, भिंत नाही, आणि पायाखाली गुळगुळीत बर्फ. म्हणून जाणता माणूस तंबू उघडण्याआधीच वाऱ्याकडच्या बाजूला बर्फात स्क्रू पिळून दोरी बांधतो, मग बाकीचे कोपरे पकडतो आणि शेवटी कडांवर बर्फ लोटतो. आधी बांधणं, मग उभारणं. हा क्रम किती मोलाचा आहे ते समजायला आपल्याला एकदा अंटार्क्टिकात जावं लागेल.

२७ जून १९११. कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतली तीन माणसं केप इव्हान्सच्या तळावरून निघाली. डॉ. एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि ॲप्सली चेरी-गॅरार्ड. यातला बॉवर्स आपल्याला थोडा जवळचा, कारण तो रॉयल इंडियन मरीनमधला अधिकारी, म्हणजे मुंबई बंदराशी ज्या दलाचा घरोबा होता त्यातला. ठेंगणा, नाक मोठं, म्हणून त्याला ‘बर्डी’ म्हणत. चेरी-गॅरार्डला चष्म्याशिवाय धड दिसत नसे, आणि त्या थंडीत चष्मा लावणं अशक्य. जायचं होतं केप क्रोझिअरला, एम्परर पेंग्विनची अंडी आणायला. पक्ष्यांची उत्पत्ती कशातून झाली याचा पुरावा त्या अंड्यांतल्या गर्भात सापडेल अशी विल्सनची समजूत होती. पेंग्विन अंडी घालतात ऐन हिवाळ्यात, म्हणून प्रवास ऐन हिवाळ्यात, चोवीस तासांच्या अंधारात. अंतर सुमारे शंभर किलोमीटर, ओझं साडेतीनशे किलोच्या आसपास, ओढणारे हेच तिघे. एका रात्री पारा उणे ६० अंश सेल्सिअसच्याही खाली गेला. पोहोचायला एकोणीस दिवस लागले.

तिथे त्यांनी डोंगराच्या सोंडेवर दगडांची एक झोपडी रचली. भिंती दगडाच्या, फटींत बर्फ, आढं म्हणून आडवी टाकलेली एक घसरगाडी, आणि वर कॅनव्हासचं छत. कॅनव्हासच्या कडा भिंतीबाहेर खाली घेऊन दगडांनी आवळल्या, छतावर बर्फाच्या लाद्या ठेवल्या. जागाही विचारपूर्वक निवडली होती: सोंडेच्या माथ्याच्या किंचित खाली, वाऱ्याच्या आडोशाला. तंबू झोपडीच्या दाराशीच उभारला आणि सामान त्यात ठेवलं. पाच अंडी मिळाली. त्यातली दोन चेरी-गॅरार्डच्या हातमोज्यांत फुटली, तीन उरली.

२२ जुलैला वादळ सुटलं आणि तंबू गेला. गंमत बघा, तंबू गेला, पण तंबूतलं सामान बहुतेक सगळं जागच्या जागी राहिलं! वाऱ्याने लोटून नेलं असतं तर सामानही विखुरलं असतं. तंबू वरच्या वर उचलला गेला होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, विल्सनचा एकोणचाळिसावा वाढदिवस. आत फटींतून बर्फाची भुकटी येत होती, हाती लागेल तो कपडा त्या फटींत कोंबणं चालू होतं. छत वर ताणलं जाई, खाली आपटे, पुन्हा ताणलं जाई. लाद्या केव्हाच घसरल्या होत्या. दुपारच्या सुमाराला कॅनव्हास फाटला आणि काही क्षणांत त्याच्या चिंध्या झाल्या. तिघे झोपायच्या पिशव्यांत तसेच पडून राहिले, अंगावर बर्फ साचू दिला, आणि मधूनमधून भजनं म्हणत होते. तंबूशिवाय त्या थंडीत परत पोहोचणं शक्य नाही, हे तिघांनाही माहीत होतं. त्याबद्दल कोणी फारसं बोललं नाही.

इथे थोडं थांबू. आडोशाला बांधलेलं छत का उडालं? आपली स्वाभाविक समजूत अशी की वारा ढकलतो, म्हणून पाठ द्यावी, आड बसावं. पण माथ्यावरून झेपावणारा वारा पलीकडच्या बाजूला दाब कमी करतो. चेरी-गॅरार्डने पुढे आपल्या पुस्तकात लिहिलं की तिथे पोकळी झाली आणि तिने छत वर ओढलं. आमच्या वैशेषिकांनी ‘अभाव’ हाही एक पदार्थ मानला, त्यांना हे वाक्य आवडलं असतं! पण काटेकोर बोलायचं तर अभाव काही ओढत नाही. झोपडीतली स्थिर हवाच कमी दाबाच्या दिशेने छताला वर ढकलते. आणि वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. त्यामुळे काल पुरलेला दगड आज पुरेलच असं नाही. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळात श्रीवर्धन, दिवेआगरकडे छपरं उडाली, त्यातही हीच गोष्ट होती. पत्र्यावर ठेवलेला दगड पत्र्याला दाबतो, धरून ठेवत नाही. वाशाला हुकाने आवळलेला पत्रा जायचा तर वाशासकट जातो.

सोमवारी वारा जरा पडला. तिघे उताराने चाचपडत शोधायला निघाले. बॉवर्सला तंबू सापडला, जवळजवळ अर्धा मैल खाली, आणि धड! वर उचलला जाताना बांबू एकत्र येऊन तो छत्रीसारखा मिटला होता. मिटलेल्या छत्रीला वारा फार काही करत नाही.

परतीच्या वाटेवर बॉवर्सने एक दोरी तंबूला बांधली आणि तिचं दुसरं टोक झोपताना स्वतःला. गेला तर माझ्यासकट जाईल, असा त्याचा हिशेब. लोक हा किस्सा हसून सांगतात. आमच्या मते त्या प्रवासातला तो सगळ्यात शहाणा निर्णय होता. त्याच हंगामात अमुंडसेनच्या नॉर्वेजियन तुकडीने तळ शिवलेले तंबू वापरले, म्हणजे माणसं आत झोपली की त्यांचंच वजन तंबूला धरून ठेवतं आणि वाऱ्याला खालून शिरायला वाट राहत नाही. बॉवर्सने दोरीने केलं तेच तिथे शिंप्याच्या सुईने केलं होतं. अमुंडसेनने दक्षिण ध्रुवावर डिसेंबरात मागे ठेवलेला एका काठीचा छोटा तंबू स्कॉटला १८ जानेवारी १९१२ रोजी उभाच सापडला.

स्कॉटबरोबर तेव्हा विल्सन आणि बॉवर्सही होते. परतताना मार्चच्या अखेरीस, पुढच्या साठ्यापासून अकरा मैलांवर, वादळाने त्यांना तंबूत अडकवलं. शोधपथक तिथे पोहोचलं १२ नोव्हेंबरला. त्यात चेरी-गॅरार्ड होता. बर्फातून टोक तेवढं दिसत होतं. तंबू नीट ताणून बांधलेला होता, सगळा हिवाळा काढूनही जागचा हलला नव्हता. आत तिघेही गेलेले होते. पथकाने आतल्या वह्या आणि पत्रं काढून घेतली, बांबू उपसले, कापड तिघांवर पडू दिलं, आणि त्यावर बर्फाचा ढिगारा रचला.