रत्नागिरी जिल्ह्यातील उन्माद-विषादाच्या इतिहासाची साधने

रत्नागिरी येथील वेड्यांचे इस्पितळ 1886 साली स्थापन झाले. त्याच वर्षी ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला बंदिवासात या गावी आणण्यात आले. राजाच्या बंदिवासावर पुष्कळ लिहिले गेले. इस्पितळातील माणसांच्या वाट्याला तेवढे लेखन आलेले नाही. आज ज्याला द्विध्रुवी मनोविकार म्हणतात, त्याचा या जिल्ह्यातील इतिहास लिहू पाहणाऱ्याची दृष्टी साहजिकच प्रथम अशा संस्थांच्या कागदपत्रांकडे वळेल. ती कशी वाचावीत, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

पहिली अडचण नावाची. उन्माद आणि विषाद ही एकाच रोगाची आळीपाळीने येणारी रूपे होत, असे पॅरिस येथील फाल्रे व बायार्जे यांनी 1854 च्या सुमारास प्रतिपादिले. 1899 मध्ये क्रेपेलिन याने दोहोंना एका नावाखाली आणले. हिंदुस्थानातील सरकारी तक्त्यांत मात्र ‘मेनिया’ व ‘मेलँकोलिया’ हे निरनिराळे रोग म्हणून मोजले जात. त्यामुळे एकच मनुष्य दोन खेपांना दोन रोगांचा रोगी ठरणे, आणि मध्यंतरी ‘बरा झाला’ म्हणून नोंदला जाणे, सहज शक्य होते. या विकारात दोन झटक्यांच्या दरम्यान रोगी पुष्कळदा पूर्ववत् होतो. तेव्हा ‘बरा’ हा शेरा उपचारांच्या यशाचा पुरावा मानण्यापूर्वी अभ्यासकाने थांबले पाहिजे. कारणांच्या रकान्यातील ‘गांजा’ या शब्दाविषयीही हेच म्हणता येईल. 1893-94 च्या गांजा-भांग चौकशी आयोगाने ही कारणमीमांसा विश्वसनीय नसल्याचे दाखवून दिले होते.

याहून महत्त्वाची अडचण कायद्याची आहे. 1858 च्या 36 व्या कायद्यान्वये मोकाट भटकणाऱ्या अथवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्यास पकडून मॅजिस्ट्रेटपुढे नेणे हे पोलिसांचे कर्तव्य होते. उदाहरणादाखल पाली हे गाव घेऊ. रत्नागिरीहून हातखंब्यावरून येणारा रस्ता येथे फुटतो. एक फाटा लांज्याकडे, दुसरा साखरप्यावरून आंबा घाटाकडे जातो. अशा रहदारीच्या नाक्यावर रात्रंदिवस बडबडणारा, हातचे सारे वाटून टाकणारा मनुष्य पोलिसांच्या नजरेस पडणारच. पण तोच मनुष्य पुढे ऐन लावणीच्या दिवसांत माजघरात भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, तर त्याची दखल कोण घेणार? घरचे लोक देवाला कौल लावतील, गाऱ्हाणे घालतील, फार तर आळशी म्हणून बोल लावतील. दप्तरात उन्माद उतरला आणि विषाद घरात राहिला, तो असा. विषादातच आत्मघाताचा धोका फार मोठा असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे या मौनाचे गांभीर्य कळते.

1912 च्या कायद्याने व्यवस्था काहीशी बदलली, दृष्टी फारशी नाही. खरा पालट औषधाने घडविला. ऑस्ट्रेलियातील केड याने 1949 मध्ये लिथियमचा उन्मादावरील परिणाम प्रसिद्ध केला; डेन्मार्कमधील शौ याने 1954 पासून त्याची पद्धतशीर परीक्षा केली. पुढे झटके टाळण्यासाठीही ते दिले जाऊ लागले. हे औषध बरे वाटत असतानाही घ्यावे लागते, हीच रोग्यास व कुटुंबास पटविण्यास सर्वांत कठीण गोष्ट. रक्तातील प्रमाण साधारणतः 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रतिलिटर राखावे लागते; मूत्रपिंड व कंठग्रंथी यांची तपासणी चालू ठेवावी लागते. वैशाखात उन्हात राबून घाम गेला, जुलाब-उलट्या झाल्या, की हे प्रमाण विषारी पातळीस जाऊ शकते. म्हणजे पालीच्या रोग्याच्या दृष्टीने रत्नागिरीचा रस्ता हाही उपचाराचाच भाग ठरतो.

अशा रोग्याचा इतिहास आता दाखल-नोंदींपेक्षा बाह्यरुग्ण विभागाच्या कागदांत अधिक सापडेल: घडी घालून पिशवीत जपलेल्या चिठ्ठ्या, रक्ताचे अहवाल, औषध सुटल्याच्या तारखा. ही साधने घरोघरी आहेत. मात्र 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रोग्यास गोपनीयतेचा हक्क दिला असल्याने, ज्याचा कागद त्याची संमती घेतल्यावाचून संशोधकास ती उघडता येणार नाहीत.