वर्गणीतले पंत

मोरोपंतांच्या 'निरोष्ठ रामायणा'त प, फ, ब, भ, म ही ओठांनी उच्चारायची अक्षरे वर्ज्य आहेत. म्हणजे रामकथा सांगायची, पण 'राम' म्हणायचे नाही! स्वतःवर एक नियम लादायचा आणि तो न मोडता शेवट गाठायचा, ही खेळियाची वृत्ती. पंतांची (१७२९–१७९४) रामायणे परंपरेने एकशे आठ मानली जातात आणि त्यांतली बरीच अशीच नियमांच्या कुंपणात रचलेली आहेत. व्हिडिओ गेमच्या वर्गणीविषयी वाद चालतो तेव्हा मला बारामतीचे पंत आठवतात, ते केवळ या साम्यामुळे नव्हे.

२०१७ साली 'एक्सबॉक्स गेम पास' सुरू झाला. महिन्याची ठराविक रक्कम भरली की शेकडो खेळ खुले. तेव्हापासून तक्रार अशी की, ज्या खेळाला स्वतःची किंमत नाही तो दहा मिनिटांत सोडला जातो; पदरचे पैसे मोजून घेतलेल्या खेळाचा कंटाळवाणा मध्यभागही माणूस चिकाटीने पार करी. बारामती-इंदापुरात हे अपरिचित वाटू नये. १८८५च्या नीरा डाव्या कालव्यावर पाणीपट्टी दीर्घकाळ पीक आणि क्षेत्र पाहून आकारली गेली. एकदा ती ठरली की उसाला दिलेले जादा पाणी फुकटच भासणार.

पंतांच्या हयातीत त्यांच्या श्रोत्याला काही मोजावे लागत नव्हते. आश्रय बाबूजी नाईकांचा होता. पुढे काव्य पसरले ते हाताने उतरवलेल्या पोथ्यांतून. नावडती रचना उतरवून घेण्याचे कष्ट कोण करील? १८५४च्या 'नवनीता'तही परशुरामतात्या गोडबोल्यांनी वेचेच दिले. मूल्य निवडीत होते.

वर्गणीच्या मासिकांनी हे उलटे केले. १८७८ साली 'काव्येतिहाससंग्रह' निघाला, १८९० साली निर्णयसागरचा 'काव्यसंग्रह' वामन दाजी ओकांच्या संपादनाखाली. जुनी कविता आता अंकाअंकाने घरी येऊ लागली. वर्गणीदार अमुक एका काव्याचे पैसे देत नव्हता, संग्रहाचे देत होता. 'केकावली'ला स्वतंत्र गिऱ्हाईक मिळाले असते; पंतांच्या आडवाटेच्या रचना एकेकट्या कोणी विकत घेतल्या असत्या असे मला वाटत नाही. लोकप्रियाच्या आधाराने दुर्लक्षितही छापले गेले, हे वर्गणीचे ऋण मान्यच केले पाहिजे. आजचे कित्येक लहान, विक्षिप्त खेळही असेच तगतात.

पण त्याची किंमत पंतांनी चुकवली. न मागता, महिन्यामागून महिना येणाऱ्या आर्यांचा ढीग साचला की वाचकाला कवी दिसत नाही, ढीग दिसतो. 'पंतांनी फार लिहिले' हा आपल्या वर्गांतून आजही ऐकू येणारा शेरा मला काव्याच्या वाचनातून आलेला वाटत नाही; तो न वाचलेल्या अंकांतून आला असावा. (चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त पंतांची कैवारी केली, तीही वर्गणीच्याच मासिकातून. असो.)

एक फरक मात्र मोठा आहे. वर्गणी थांबली तरी आलेले अंक घरात राहत. बांधून माळ्यावर टाकता येत. गेम पासच्या यादीतून खेळ निघून जातात आणि पैसे थांबले की उरलेल्यांचेही दार बंद होते. नाकारलेल्या कृतीला तिथे दुसरा वाचक मिळत नाही. माझ्याकडे जुन्या बाजारातून आलेल्या 'काव्यसंग्रहा'च्या एका खंडाची कितीतरी पाने पहिल्या मालकाने कापलीच नव्हती. ती मी कापली.