पाणी कुठं मुरतंय?

माझं बालपण भातसानगरला, धरणाच्या सावलीत गेलं. भातसाचं पाणी नदीपात्रातून पिसे इथं येतं आणि तिथून उचलून मुंबईला जातं. घरातली वडीलधारी माणसं सांगत, ‘खाली पाणी कमी आलं, तर लगेच धरणाला बोल लावू नका, वाट तपासा.’ हा धडा मला संगणकाच्या कामात उपयोगी पडला.

यंत्राच्या पोटातल्या छोट्या संगणकाला ना पडदा, ना कळफलक. त्यात प्रोग्रॅम भरायचा कसा? १९७१ मध्ये इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी ‘ईप्रॉम’ चिप आणली. तिच्या काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाश सोडून जुना मजकूर पुसायचा, नवा भरायचा, चिप पुन्हा बसवायची. एका चुकीसाठी एवढा खटाटोप! १९९० मध्ये ‘जेटॅग’ हे प्रमाण ठरलं, ते मुळात सर्किट बोर्ड तपासण्यासाठी. पुढे त्याच वाटेनं टेबलावरचा ‘रिमोट डीबगर’ चिपमध्ये शिरू लागला. प्रोग्रॅम पाठवू लागला, मेमरी वाचू लागला.

मी नवशिका असताना पाठवलेला प्रोग्रॅम दरवेळी ‘जुळत नाही’ म्हणून परत यायचा. तीन दिवस मी प्रोग्रॅमच बदलत बसलो. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं विचारलं, ‘‘अरे, एकच बाइट लिहून परत वाचलास का?’’ वाचला, तर भलताच! बाहेरची रॅम चालू करणाऱ्या सूचना आधी द्यायच्याच राहिल्या होत्या. प्रोग्रॅम निर्दोष होता. तो ठेवायची जागाच तयार नव्हती.

हीच गोष्ट अफाट अंतरावर घडली. १९७७ मध्ये निघालेलं ‘व्हॉयेजर-१’ नोव्हेंबर २०२३ मध्ये अर्थहीन माहिती पाठवू लागलं. यान सुमारे २,४०० कोटी किलोमीटरवर. संदेश जायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. मार्च २०२४ मध्ये नासाच्या अभियंत्यांनी एक छोटी आज्ञा पाठवून मेमरीतला मजकूर मागवला आणि जुन्या प्रतीशी ताडून पाहिला. एका संगणकाची सुमारे तीन टक्के मेमरी बिघडली होती. तिथला प्रोग्रॅम तुकडे करून इतरत्र हलवायचं ठरलं. १८ एप्रिलला पहिला तुकडा रवाना झाला. २० एप्रिलला यानाच्या प्रकृतीची खबर नीट वाचता आली.

प्रोग्रॅम उतरत नसेल, तर तो पुन्हा लिहायला घेण्याआधी मी आजही एक बाइट पाठवतो आणि परत मागतो. पाणी कुठं मुरतंय, ते तिथंच कळतं.