पेटीचा तळ

नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी ‘शारदा’चा प्रयोग होता. तेथेच अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. ते पिस्तूल नाशिकपर्यंत पोहोचले कसे, हा प्रश्न आम्हांस येथे महत्त्वाचा वाटतो. सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले धाडली होती. इंडिया हाऊसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन यांच्या पेटीला दुहेरी तळ होता. पिस्तुले त्यात दडवून मुंबईस आणली गेली. तपासणाऱ्यांना कपडे दिसले असतील, तळ दिसला नाही.

१९५६ मध्ये अमेरिकेत ‘आयडियल एक्स’ जहाजाने ५८ कंटेनर नेले आणि पेटीचेच युग सुरू झाले. पूर्वी गोदीत प्रत्येक गोणीला माणसाचा हात लागे; आता सील केलेली पोलादी पेटी न उघडताच पुढे जाते. १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावाशेवा बंदरात, जेथे पुणे परिसरातील कारखान्यांचा मालही जातो, सगळ्या पेट्या उघडायच्या म्हटले तर व्यापारच थांबेल. म्हणून कागदपत्रांवरून संशयास्पद पेट्या निवडायच्या आणि क्ष-किरणांनी त्यांचे अंतरंग पाहायचे, अशी पद्धत रूढ झाली. घोषणापत्रात ‘कापड’ आणि चित्रात दाट धातूची सावली, ही विसंगती हेरणे म्हणजे एका अर्थी संहितेचे चिकित्सक वाचनच. अमेरिकेने २००७ मध्ये आपल्याकडे येणारा प्रत्येक कंटेनर परदेशी बंदरातच तपासण्याचा कायदा केला. त्याची २०१२ ची मुदत मात्र पुनःपुन्हा पुढे ढकलावी लागली.

परंतु १९९३ चा अनुभव याहून कटू आहे. १२ मार्चला मुंबईत २५७ बळी घेणाऱ्या स्फोटांसाठीचे आरडीएक्स मोठ्या बंदरातून आलेच नाही. ते रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडीस उतरले. पुढे टाडा न्यायालयाने दोषी ठरविलेल्यांत सीमाशुल्क खात्याचे अधिकारीही होते. १९०९ आणि १९९३ यांच्या हेतूंची तुलना आम्हांस मुळीच अभिप्रेत नाही; आम्ही पाहतो आहोत ती फक्त वाट. पहिल्या वेळी तपासणाऱ्याची नजर चुकविली गेली, दुसऱ्या वेळी ती विकत घेतली गेली. पहिल्या दोषावर यंत्र हा उपाय आहे. दुसऱ्यावर तो नाही, कारण यंत्रासमोर कोणती पेटी आणायची, हे अखेर माणूसच ठरवितो.